शाळेसाठी बेसबॉलच्या बॅटी घेताना

मी सोलापुरात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. जिल्हा शालेय स्पर्धेत आमचे बेसबॉलचे संघ उतरतात. गेल्या मोसमात सरावात आमच्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, नडगीवर बॅटवरून सरळ परतलेला चेंडू बसला. हाड वाचलं, पण तोच चेंडू फूट-दोन फूट वर आला असता तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. यंदा सामानासाठी पैसे मंजूर झाले तेव्हा बॅटींची खरेदी मी मागून घेतली.

पिचर उभा राहतो त्या पिचिंग प्लेटपासून बॅटरसमोरची होम प्लेट ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर असते. चेंडू सोडताना पिचरचं पाऊल पुढे पडतं, त्यामुळे प्रत्यक्षात साडेसोळा मीटरच्या आसपास अंतर उरतं. चेंडू ताशी १४५ किलोमीटरने परतला, तर पोराला सावरायला ०.४ सेकंद मिळतात. पोकळ धातूच्या बॅटची पातळ भिंत चेंडू आदळला की आत दबते आणि लगेच उसळून चेंडूला ढकलते. भरीव लाकडात असं होत नाही. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटींवर बंदीच घातली. पुढे अमेरिकेत बीबीसीओआर नावाचं, बॅटवरून चेंडू किती उसळावा याची मर्यादा घालणारं मानक आलं. २०११ पासून महाविद्यालयांना आणि १ जानेवारी २०१२ पासून हायस्कूलला. प्रयोगशाळेत हवेच्या तोफेतून बॅटवर चेंडू मारतात आणि तो किती वेगाने परततो ते मोजतात. त्या वेगांवरून उसळीचा एक आकडा काढतात; तो ०.५० च्या वर गेला की बॅट नापास. चांगली लाकडी बॅट साधारण याच्या आसपास बसते. नियम तिथला आहे, पण आपल्या पोरांच्या नडग्या काही वेगळ्या नाहीत, म्हणून खरेदीचा निकष आम्ही तोच धरला.

आधी जुनी बॅग उपसली. सॉफ्टबॉलच्या बॅटी सर्रास बेसबॉलला वापरल्या जात होत्या. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर आणून जाडी मोजली. सॉफ्टबॉलची बॅट सव्वादोन इंचांची असते, तर बेसबॉलची २ पूर्णांक ५/८ इंचांपर्यंत चालते. सॉफ्टबॉलच्या पातळ भिंतीवर बेसबॉलचा कडक चेंडू बसला की पोचे पडतात, आणि ते आमच्या बॅटींवर हाताला लागत होते. एक बॅट कानाशी धरून हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. एकीची मूठ हलत होती. त्या सगळ्या बाद केल्या. उरलेल्यांचं वजन शाळेसमोरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर केलं. लांबी इंचांत आणि वजन औंसांत धरायचं. दोहोंतला फरक ३ पेक्षा जास्त नको. म्हणजे ३२ इंची बॅट २९ औंसांपेक्षा, ८२२ ग्रॅमपेक्षा, हलकी चालत नाही. हलकी बॅट जोरात फिरते, तिथूनच वेग वाढतो.

खरी अडचण ऑफिसात आली. "मॅडम, तीन कोटेशनं घ्यायची आणि सगळ्यात कमी दराचं उचलायचं, आपल्या हातात काय आहे?" आमचे क्लार्क म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. कमी दराचं पाहिलं तर गाडीत ठेवायला म्हणून विकतात ती दांडकीसुद्धा बेसबॉल बॅट म्हणूनच येतात. त्यामुळे मी मागणीपत्रच बदललं. जाडी, लांबी, वजनाचा फरक, १० ते १८ इंचांपर्यंत ग्रिप, आणि बॅटच्या अंगावर छापलेला बीबीसीओआर ०.५० चा शिक्का. किंवा मग एकाच लाकडाची अखंड बॅट, तिला शिक्क्याची गरज नसते. कंपोझिट, म्हणजे कार्बन तंतूंसारख्या मिश्र साहित्याची, बॅट नको, हेही लिहिलं, कारण ती वापरून वापरून सैल पडते आणि आणखी उसळी घ्यायला लागते. अटी आधीच कागदावर असल्या की कमी दर त्या अटींत बसणाऱ्यांमध्येच शोधावा लागतो. मोठ्या बाईंनी वाचून लगेच सही केली. मला वाटतं, कुठल्याही शाळेत एवढी एक गोष्ट केली तरी निम्मं काम होतं.

माल आला तेव्हा क्लार्कसमोर एकेक बॅट उघडली. एका बॅटवरचा शिक्का बोट फिरवलं की कडेला जाणवायचा. नखाने खरवडला तर कोपरा सुटला. चिकटवलेला स्टिकर होता तो. दुकानदार म्हणाला, "उन्हानं निघतंय की हो." सोलापूरचं ऊन मलाही ठाऊक आहे, पण छापलेला शिक्का उन्हाने सोलून निघत नाही. ती बॅट परत पाठवली आणि बदल्यात लाकडी घेतली. स्टॉक रजिस्टरला प्रत्येक बॅटची लांबी, वजन आणि शिक्का लिहूनच नोंद झाली.

मुलांनी पहिल्याच सरावात तक्रार केली, चेंडू पूर्वीसारखा लांब जात नाही म्हणून. जायलाच नको, असं मी त्यांना व्हर्निअर आणि काटा दाखवून समजावलं. आता सरावाआधी बॅटी तपासायचं काम आमची कॅचर करते. खुळखुळणारी बॅट ती थेट माझ्या टेबलावर आणून ठेवते.

१४ वर्षांखालच्यांचं काम बाकी आहे. त्यांना ८२२ ग्रॅमची बॅट पेलवत नाही. अमेरिकेत या वयासाठी २०१८ पासून यूएसए बेसबॉलचं वेगळं मानक आहे; बॅट हलकी चालते, पण उसळी लाकडाइतकीच ठेवलेली असते. त्या शिक्क्याच्या बॅटींचं मागणीपत्र मी ऑफिसला दिलं आहे, सोबत सरावात पिचरच्या पुढे आडोशाला उभी करायच्या जाळीचंही.