दप्तर भरायचं तर एप्रिलपासून: शालेय साहित्य मोफत कुठे, कसं आणि कधी मागायचं

वह्यावाटपाचे फोटो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झळकायला लागतात. ज्या घरात खरी अडचण असते, त्या घराने तोवर कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर वह्या उचललेल्या असतात. शाळा पंधरा-सोळा जूनला उघडतात, मंडळांचे आणि क्लबांचे कार्यक्रम त्यानंतर होतात आणि सरकारी पैसे त्याहून उशिरा येतात. त्यामुळे शोधाशोध एप्रिलमध्ये सुरू करायची. क्रम असा: आधी शाळेकडून हक्काचं काय मिळतं ते पक्कं करा, मग पालकाच्या कामामुळे काय मिळतं ते पाहा, आणि उरलेल्यापुरतेच देणगीदारांकडे जा. बहुतेक जण उलट्या क्रमाने फिरतात. मग घरात शंभरपानी वह्यांचे दोन डझन जमतात आणि बुटांचा पत्ता नसतो.

हक्काचं काय, हे शाळेच्या प्रकारावर ठरतं. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेची शाळा असेल तर पहिली ते आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत. ती समग्र शिक्षा योजनेतून येतात. त्याशिवाय गणवेशाचे दोन संच, आणि २०२३ पासून राज्याच्या खर्चाने बुटांचा एक जोड आणि पायमोजांचे दोन जोड. खाजगी अनुदानित शाळेत आठवीपर्यंतची पुस्तकं मिळतात, गणवेश मिळत नाही. विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सहसा यातलं काही नाही. इथे घोळ असा होतो की एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत काही तुकड्या अनुदानित असतात आणि काही नसतात. ‘आमची शाळा मराठी माध्यमाची आहे, म्हणजे पुस्तकं मिळणारच’ असं धरून चालू नका. ‘माझ्या मुलाची तुकडी अनुदानित आहे का?’ एवढंच मुख्याध्यापकांना विचारा.

पुस्तकांची मागणी यू-डायसवर (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत) नोंदलेल्या पटावरून जाते. जूनमध्ये नव्याने दाखल झालेलं मूल त्या आकड्यात नसतं, म्हणून गठ्ठे येतात तेव्हा नेमका त्याचा संच कमी पडतो. ही कोणाची लबाडी नसते, पण तिथेच गप्प बसलं तर दिवाळी उजाडते. पुस्तकं तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून आसपासच्या शाळांच्या समूह केंद्रात आणि तिथून शाळेत येतात. एका शाळेत तीन संच कमी असतात तेव्हा शेजारच्या शाळेत बरेचदा दोन-चार जास्तीचे पडून असतात. मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांकडे इयत्ता, माध्यम आणि विषय लिहून मागणी करायला सांगा. दोन आठवड्यांत हाललं नाही तर त्याच मजकुराचा अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोवर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत. मात्र अख्खं पुस्तक छापून आणू नका. झेरॉक्सचा पानामागचा दर धरला तर छापलेलं पुस्तक विकत घेणं स्वस्त पडतं. पहिले दोन धडे छापले की पुरे.

वह्यांबद्दल एक बदल लक्षात घ्या. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं जोडलेली असायची. २०२५-२६ पासून ती पद्धत बंद झाली. मोठ्या भावंडाच्या वेळच्या अनुभवावरून वह्यांचा हिशेब केलात, तर आता वह्या कमी पडतील.

गणवेशाला केंद्राकडून एका संचामागे ३०० रुपये धरलेले आहेत, म्हणजे दोन संचांचे ६००. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ करून खरेदी राज्य पातळीवरून झाली, अनेक शाळांत गणवेश उशिरा आले, मापं चुकली. पुढच्या वर्षी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. पालकांसाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला. एप्रिल-मेमधल्या बैठकीत दोन गोष्टी ठरवून घ्या: मापं प्रत्येक मुलाची घ्यायची, इयत्तेच्या अंदाजाने नाही; आणि शिंप्याने पँट, स्कर्ट, बाह्या यांना आतून दोन-तीन बोटं दाब ठेवायचा. ३०० रुपयांत कापड भारी येत नाही, पण दाब सोडून तोच गणवेश दुसऱ्या वर्षी चालतो. जूनमध्ये आलेल्या मुलासाठी चौथी किंवा सातवी पास होऊन शाळा सोडणाऱ्यांचे गणवेश मे महिन्यातच शाळेत जमा करून ठेवावेत. धुवून, आकाराचा आकडा कॉलरमध्ये लिहून.

महापालिकांची तऱ्हा वेगळी. मुंबई महापालिकेच्या शाळांत २७ शालोपयोगी वस्तूंची योजना आहे. पुणे महापालिकेने वस्तूंऐवजी पैसे थेट बँक खात्यात द्यायची पद्धत घेतली. वस्तू मिळतात तिथे उशीर आणि दर्जा ही रड असते. पैसे मिळतात तिथे अडचण बँकेत असते, आणि ती पालकाला स्वतः सोडवता येते.

सगळ्यांत जास्त पैसे अडकतात ते खात्याला आधार जोडण्याच्या गोंधळात. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे फक्त केवायसी झालं. थेट लाभ जमा होण्यासाठी ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत आधारशी जोडलेलं असावं लागतं, आणि एका आधारला एकाच बँकेचं खातं जोडलेलं राहतं, शेवटी जोडलेलं. आईचं दुसऱ्या कुठल्या योजनेसाठी गावाकडच्या बँकेत खातं उघडलं गेलं असेल, तर शाळेत दिलेलं पासबुक कोणतंही असो, पैसे तिकडे जातात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या घरांनी आधी ते जुनं खातं तपासावं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती ओटीपी टाकून दिसते. जोडायचं असेल तर शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून ‘एनपीसीआय मॅपिंग करा’ असं स्पष्ट सांगा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. शाळेसाठी उघडून विसरलेली मुलांची खाती बहुधा यातच मोडतात. केवायसी पुन्हा देऊन छोटी रक्कम भरली की ती सुरू होतात. मुलाचं आधार पाच आणि पंधरा वर्षांनंतर बायोमेट्रिकसह अद्ययावत करावं लागतं. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात त्याचे पैसे लागत नाहीत. शाळेच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा.

कागदांतला खरा वेळखाऊ कागद म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो १ एप्रिलनंतर लगेच काढा. दहावी-बारावीचे निकाल लागले की सेतू केंद्रावर रांग लागते आणि आठवड्याचं काम महिन्यावर जातं. बाकी रेशन कार्ड, जातीचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि पासबुकाचं पहिलं पान यांच्या पाच-पाच झेरॉक्स एका पिशवीत ठेवल्या की झालं.

आता पालकाच्या कामावरून मिळणारं. इथे रकमा मोठ्या आहेत आणि माहिती कमी. घरातलं कोणी बांधकामावर असेल, म्हणजे गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाला, फरशीवाला, रंगारी, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी हवी. मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो, वय १८ ते ६० मध्ये. तो दाखला ठेकेदाराकडून, किंवा ग्रामपंचायत अथवा महापालिकेकडून मिळतो. नोंदणी चालू असेल तर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये मिळतात. हजेरी ७५ टक्के असल्याचा शाळेचा दाखला जोडावा लागतो. अर्ज अडतो तो मुख्यतः नूतनीकरण न केल्यामुळे. नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते आणि कार्ड घरात आहे म्हणून नोंदणी चालू आहे असं नसतं. नोंदणीचं शुल्क असलं तरी नाममात्र. एजंट हजार-दोन हजार मागतो ते त्याच्या खिशासाठी.

कारखान्यात किंवा दुकानात पगारावर असलेल्यांनी जून आणि डिसेंबरच्या पगारपत्रकात कामगार कल्याण निधीची कपात होते का ते पाहावं. होत असेल तर जवळच्या कामगार कल्याण केंद्रात पाठ्यपुस्तक सहाय्याची चौकशी करा. सोलापूर, सिन्नरकडच्या विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र हवं, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. हे सगळे पैसे शाळा सुरू झाल्यावर बऱ्याच काळाने हातात येतात. यावर्षीची उधारी फेडायला किंवा पुढच्या जूनसाठी बाजूला ठेवायला ते उपयोगी. जूनचं दप्तर त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

देणगीदारांकडे जाताना मागणी नेमकी असावी. ‘दोन मुलांना शालेय साहित्य हवं’ या ओळीला उत्तर म्हणून वह्याच येतात. असं लिहा: ‘मुलगी, इयत्ता सहावी, मराठी माध्यम, जिल्हा परिषद शाळा. पुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळाले. हवं ते: २०० पानी एकेरी वह्या ८, चाररेघी २, चौकटीची २, चित्रकला वही १, कंपास पेटी, रंगपेटी, दप्तर, रेनकोट.’ देणगीत एकेरी वह्यांचा पूर येतो. चाररेघी, दुरेघी आणि चौकटीच्या वह्या, आलेख वही, नकाशे, प्रयोगवही या वस्तू कोणी आपणहून देत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाला एकेरी वही देऊन उपयोग नाही, त्याला दुरेघी आणि चौकटीच लागते. बुटांसाठी इयत्ता किंवा वय सांगू नका. संध्याकाळी मुलाला कागदावर उभं करून पावलाची रेघ मारा, टाचेपासून लांब बोटापर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये द्या आणि एक सेंटिमीटर वाढीव धरा. संध्याकाळी अशासाठी की दिवसभरात पाय थोडा सुजतो.

दप्तर मोठं मिळालं म्हणून खूश होऊ नका. भरलेल्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असा नियम आहे. पहिलीतलं मूल अठरा-वीस किलोचं असतं, म्हणजे पुस्तकं, डबा, पाणी धरून दोन किलो. रिकामं दप्तरच एक किलोचं असेल तर गणित तिथेच फसलं. देणगीतल्या स्वस्त दप्तराची चेन आणि पट्ट्याचा वरचा जोड आधी जातो. वापरायला काढण्याआधीच चांभाराकडून पट्ट्याला दुहेरी शिवण मारून घ्या.

कोणाकडे जायचं? बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीला, १४ एप्रिलला, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी ‘एक वही, एक पेन’ वाहण्याचा उपक्रम अनेक वर्षं चालू आहे. त्यावरून गावोगावी जयंती समित्यांकडे एप्रिलमध्येच वह्या जमा होतात. वेळेच्या दृष्टीने याहून सोयीचा साठा दुसरा नाही, आणि समितीलाही मुलांची नावनिशीवार यादी मिळाली तर हवीच असते. गणेश मंडळांकडे साहित्य येतं भाद्रपदात. ते दुसऱ्या सत्रासाठी मागा, कारण दिवाळीनंतर वह्या संपतात तेव्हा वाटप कोणीच करत नाही. रोटरी आणि लायन्स क्लबांचं नवं वर्ष १ जुलैला सुरू होतं, पदाधिकारी बदलतात. मेमध्ये जुन्या अध्यक्षांनी दिलेला शब्द जुलैत विसरला जातो, म्हणून मागणी मे महिन्यातच पूर्ण करून घ्या. ‘गूंज’सारखी संस्था शालेय साहित्य गोळा करते, पण ते स्थानिक संस्थांमार्फत पुढे जातं. एकेका कुटुंबाने तिथे अर्ज करण्यात वेळ जाईल, शाळेने किंवा वस्तीतल्या संस्थेने करावा. अर्जाबरोबर मुख्याध्यापकांचं शिक्क्याचं पत्र असलं की देणाऱ्याचा अर्धा संशय जातो.

व्हॉट्सअॅपवर ‘सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, मोफत दप्तर’ अशी लिंक आली तर उघडू नका. शाळेतून मिळणाऱ्या वस्तूंसाठी पालकाला कोणत्याही लिंकवर आधार क्रमांक आणि ओटीपी द्यावा लागत नाही.

आणि नववी. खरी आपटी इथे बसते. आठवीपर्यंत मिळालेली पुस्तकं नववीत बंद होतात, शिवाय प्रयोगवह्या आणि आलेख वह्यांची भर. त्याच वेळी पोर कामाला लावायचा विचारही घरात सुरू होतो. नववी पास झालेल्यांकडून एप्रिलमध्ये आणि दहावीची परीक्षा दिलेल्यांकडून मार्चअखेरीस पुस्तकांचे संच मागून घ्यायचे. निकालापर्यंत थांबलात तर ते रद्दीत जातात. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकपेढी असेल तर तिथे नाव आधी घाला. पहिलीपासून अभ्यासक्रम बदलायला २०२५-२६ मध्ये सुरुवात झाली आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वर सरकणार आहे, म्हणून जुना संच घेताना आतल्या पानावरचं आवृत्तीचं वर्ष शाळेकडून तपासून घ्या. मुलगा किंवा मुलगी आत्ता सातवी-आठवीत असेल तर आठवीतली एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांनी मिळालेली पुस्तकं गावी कुलपात ठेवू नयेत, मुलासोबत न्यावीत. नव्या ठिकाणची सरकारी शाळा टीसी आली नाही म्हणून मुलाला दाराबाहेर ठेवू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. पण तिथे जास्तीचा पुस्तकसंच असेलच असं नाही.

जूनमध्ये तुमच्याकडे वाटून काही उरलं असेल, तर विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईचं वाटप संपलं की उरलेल्या चाररेघी वह्या आणि लहान मापाचे बूट तिकडे पाठवायला थोडे दिवस हातात असतात.