तोटे मोटर्स, मुक्काम बोलेस्लाव

शेंद्र्याच्या एमआयडीसीतून २००१ पासून ज्या कंपनीच्या गाड्या निघतायत तिच्या नावाचा अर्थ 'नुकसान' असा होतो, हे करमाडच्या चहाच्या टपरीवर कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील हा परदेशात जाऊन येडा झाला. पण खरंय. चेक भाषेत श्कोडा (हो, स नाही, श. इंग्रजी एसच्या डोक्यावर एक बारीक खूण असते, ती आपण सगळ्यांनी खाऊन टाकलीय) म्हणजे नुकसान, तोटा. आणि बोलण्यात 'अरेरे' पण. शनिवारी जेवायला यायला जमणार नाही म्हणलं की समोरचा तोंड पाडून म्हणतो, 'तो ये श्कोडा', म्हणजे अरेरे, राहिलंच की राव.

मी राहतो म्लादा बोलेस्लावला, प्रागच्या ईशान्येला साधारण साठ किलोमीटरवर. कंपनीचं मूळ गाव हेच, आणि गावातल्या निम्म्या लोकांचं पोट कुठून ना कुठून तिच्यावरच चालतं, माझंही, मी सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. इथं गाडीला ठोकर लागली आणि विम्याचा फॉर्म भरायला घेतला की त्यात नुकसानीसाठी हाच शब्द छापलेला, म्हणजे श्कोडाची श्कोडा किती झाली ते लिहा. बागकामाच्या दुकानात किडीच्या औषधावर 'श्कूत्से' असं दिसतं, तोही याच घरातला शब्द, नुकसान करणारी म्हणजे कीड. आपल्या कापूसवाल्यांना बोंडअळी म्हणलं की वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की इथल्या कोणालाच यात काही वावगं वाटत नाही. मी एकदोघांना विचारलं तर ते माझ्याकडंच बघायला लागले. कारण ते आडनाव आहे हो. आपल्याकडं तोटे आडनाव आहेच की, आगलावे आहे, फुकटे आहे. फुकटे किराणा अशी पाटी दिसली म्हणून कोणी फुकट साखर मागायला जात नाही आणि आगलावे गुरुजींना वर्गात काडेपेटी घेऊन येऊ नका असं कोणी म्हणत नाही. आडनाव रोजचं झालं की त्यातला अर्थ ऐकू येईनासा होतो, बाहेरून आलेल्यालाच तो ऐकू येतो. तर ही आपली तोटे मोटर्स.

आता हे तोटेसाहेब कोण, तर एमिल श्कोडा, जन्म १८३९ चा, इंजिनिअर माणूस. १८६९ साली त्यानं प्ल्झेन शहरातला वाल्डश्टाइन सरदाराचा कारखाना विकत घेतला आणि पुढं तिथं पोलाद, यंत्रं, तोफा असलं सगळं अवजड काम वाढवलं. १९०० साली तो गेला. म्हणजे ज्याचं नाव आज जगभर गाड्यांवर फिरतंय त्यानं आयुष्यात एकही मोटारगाडी बनवली नाही! गाड्या बनवल्या त्या आमच्या बोलेस्लावच्या दोन वात्स्लावांनी. वात्स्लाव लाउरिन मेकॅनिक आणि वात्स्लाव क्लेमेंट पुस्तकविक्रेता. १९२५ मध्ये प्ल्झेनच्या श्कोडानं यांची कंपनी ताब्यात घेतली आणि पाटी बदलली, काम करणाऱ्यांचं नाव गेलं आणि पैसेवाल्याचं राहिलं, हे काय आपल्याला नवीन नाही.

त्या क्लेमेंटची गोष्ट मात्र मला फार आवडते. त्यानं एक जर्मन बनावटीची सायकल घेतली, नाव 'गेर्मानिया'. ती बिघडली. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात, व्यापाराची भाषा जर्मन, पण यानं कंपनीच्या शाखेला पत्र लिहिलं चेकमध्ये, दुरुस्ती करून द्या म्हणून. उत्तर आलं जर्मनमध्ये, की उत्तर पाहिजे असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. झालं. गडी पेटला. १८९५ मध्ये लाउरिनला सोबत घेऊन स्वतःचं सायकलचं दुकान काढलं आणि सायकलला नाव दिलं 'स्लाविया'. गेर्मानिया म्हणजे जर्मनांची भूमी ना, मग घ्या, स्लाविया म्हणजे स्लाव लोकांची. २०२२ ला भारतात जी स्लाविया सेडान आली, चाकणला बनते ती, तिचं नाव त्या सायकलवरून. आपल्याकडचा शोरूमवाला मायलेज सांगेल, सनरूफ सांगेल, पण हे भांडण नाही सांगणार. मला तर वाटतं ब्रोशरच्या पहिल्या पानावर तेच पत्र छापायला पाहिजे.

आता जरा आडवळणाला जातो, पण जाऊ द्या मला. वात्स्लाव, बोलेस्लाव, यातलं शेवटचं 'स्लाव' हे 'स्लावा'वरून, म्हणजे कीर्ती. आणि हा शब्द आपल्या संस्कृत 'श्रवस्'चा सख्खा भाऊ, दोन्हीचं मूळ 'ऐकणे' या धातूत. कीर्ती म्हणजे जे लोकांच्या कानावर पडतं ते. बोलेस्लाव म्हणजे जास्त कीर्तीचा. मग मला एकदम महाभारतातला भूरिश्रवा आठवला, भूरि म्हणजे पुष्कळ आणि श्रवस् म्हणजे कीर्ती. म्हणजे मी चक्क भूरिश्रव्याच्या गावात भाडं भरून राहतोय. आणि वात्स्लावचा अर्थ पण तोच, अधिक कीर्तीचा. दहाव्या शतकात इथं वात्स्लाव आणि बोलेस्लाव नावाचे दोन राजपुत्र सख्खे भाऊ होते, अर्थ एकच असलेली नावं, आणि धाकट्या बोलेस्लावनं थोरल्याला मारून टाकलं. भाऊबंदकी काय फक्त आपल्याच बांधावर असते का. मेलेला संत झाला, तोच आज या देशाचा पालक संत. मारणाऱ्याच्या मुलानं वसवलेलं गाव म्हणून हे 'म्लादा', म्हणजे तरुण बोलेस्लाव. थोरलं गाव वेगळं आहे, स्तारा बोलेस्लाव, खून तिथं झाला.

ऐकण्यावरूनच आणखी एक. शेंद्र्यातच ऑडीची पण जोडणी होते. आउगुस्ट हॉर्ख नावाच्या जर्मन माणसाचं स्वतःच्याच कंपनीतल्या लोकांशी फाटलं, तो बाहेर पडला आणि १९०९ मध्ये दुसरी कंपनी काढली, पण स्वतःचं आडनाव वापरायची सोय राहिली नाही कारण ते पहिल्या कंपनीकडं. मग एका मित्राच्या घरी बैठक चालू असताना तिथं लॅटिनचा अभ्यास करत बसलेला पोरगा म्हणाला, हॉर्ख म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक', तर त्याचं लॅटिन करा की, आउडी. पोराचं ऐकलं बरं का त्यांनी. आपल्याकडं म्हणले असते, गप बस, मोठी माणसं बोलायलीत.

श्कोडाच्या गाड्यांच्या नावांचं थोडक्यात सांगतो. ऑक्टाविया म्हणजे लॅटिन आठ, कंपनी सरकारी झाल्यावरची आठवी गाडी म्हणून १९५९ ला ठेवलेलं नाव. कोडियाक हे अलास्कातल्या अस्वलावरून. कुशाक म्हणजे संस्कृतमध्ये राजा, आणि कायलाक म्हणजे स्फटिक, असं कंपनी सांगते. आमच्या आबांना कुशाक म्हणलं की कुसळच ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

आबांचा विषय निघालाच तर झेटर ट्रॅक्टर. बदनापूर, जाफराबाद, भोकरदन, कुठल्याही गावात जुन्या माणसाला झेटर म्हणा, त्याचे डोळे चमकतात. आमच्याकडं स्वतःचा नव्हता, भाड्यानं यायचा, आणि तो नांगरटीला आला की आम्ही पोरं मागं मागं. आबांना तो एचएमटीचाच वाटायचा, म्हणजे आपला सरकारी, आणि अर्धं बरोबरच आहे कारण १९७१ पासून एचएमटीनं पिंजोरला जे ट्रॅक्टर बनवले ते चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्यानं, झेटरच्या तंत्रावर. मूळ कंपनी इथल्याच ब्रनो शहरातली. तिथं झ्ब्रोयोव्का नावाचा बंदुकांचा कारखाना होता, नावाचा अर्थच हत्यारांचा कारखाना. इंग्रजांची ती ब्रेन मशीनगन पण त्यांच्याच बंदुकीवरून केलेली, ब्रनोचं ब्र आणि एनफिल्डचं एन. तर दुसरं महायुद्ध संपल्यावर याच कारखान्यात ट्रॅक्टर सुरू झाले. झेड या अक्षराला चेकमध्ये म्हणतात 'झेट', आणि इंग्रजी स्पेलिंगमधल्या ट्रॅक्टरच्या शेवटचं 'ओ-आर' घेतलं. झेट अधिक ओ-आर, संपलं. व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर आबा जरा वेळ गप्प, मग म्हणले, "म्हंजी बंदुकीच्या कारखान्यातला हाय व्हय, तरीच इतका आवाज करायचा."

जावा मोटरसायकलचं तर तुम्हाला आवडेलच. आपल्याकडं जावा म्हणलं की भावाभावांच्या बायकाच डोळ्यासमोर, पण ही जावा म्हणजे यानेचेक या मालकाचं 'जा' आणि वांडरर या जर्मन कंपनीचं 'वा', १९२९ ला वांडररचा मोटरसायकलचा धंदा विकत घेऊन सुरू केलेली. चेकमध्ये जे अक्षराचा उच्चार य, त्यामुळं इथले लोक म्हणतात 'यावा'. म्हैसूरला बनली ती जावा, इथं बनली ती यावा. येणंजाणं चालू राहू द्या.

आणि बाटा. हो, बाटा पण इथलाच. झ्लीन नावाच्या गावात १८९४ मध्ये तोमाश बाट्या आणि त्याच्या भावंडांनी काढलेली चपलांची कंपनी, साधं घरचं आडनाव, आणि शेवटचा टा इथं ट्याकडं झुकतो. ९९ वर संपणाऱ्या किमतींना इथं अजूनही बाट्याच्या किमती म्हणतात. जालन्यात चपलांचं दुकान असलेल्या आमच्या मामांना हे कळवलं तर त्यांचा लगेच फोन, "कामून फेकायला रे? बाटा कलकत्त्याचा हाय. बाटानगर काय तिकडं हाय का?" मी म्हणलं मामा, बाटानगर कोलकात्याजवळच आहे पण ते नंतर यांनीच वसवलं. मामा म्हणले बरं बरं, आणि तिकडं हिवाळ्याचे बूट कितीला पडतात ते विचारलं. ९९९ क्राऊन म्हणलं तर हसायलाच लागले.