खारे पाणी आणि समुद्राचे पाणी

दर्यापूर तालुक्यातील एका गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. इथल्या बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. समुद्र मात्र आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. म्हणून जानेवारीअखेर आम्ही प्रयोगशाळेत २०० लिटरची काचपेटी मांडली, आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने ७ किलो समुद्री मीठ विरघळवले आणि माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर नीट वसेपर्यंत पाच आठवडे थांबलो. मार्चच्या सुरुवातीला मुंबईहून क्लाऊनफिशची एक जोडी आणि दहा शंखगोगलगायी आल्या.

त्याच सुमारास वाळूवर तपकिरी थर दिसू लागला. नव्या पेटीत तो येतोच. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा होडीच्या आकाराचे डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, एकमेकांना चुकवत संथपणे सरकताना दिसले, आणि त्यांची कवचे सिलिकाची, म्हणजे काचेच्याच जातीची, असतात हे कळल्यावर मुलींनी पुन्हा पुन्हा पाहण्यासाठी रांग लावली. पाण्यातील सिलिकेट संपले की हा थर आपोआप ओसरतो, असे मी त्यांना सांगितले होते. तो ओसरला नाही. उलट दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ चढले आणि एप्रिलच्या मध्यावर वाळूवर गडद लाल रंगाची बुळबुळीत साय पसरली. ही लाल साय खरे तर शेवाळ नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात.

मी सांगते आहे तो सोमवार. रविवारची सुट्टी संपवून प्रयोगशाळा उघडली, तर दगड ओळखू येत नव्हते. एका गोगलगायीच्या शंखावरही बोटभर हिरवी दाढी वाढली होती, लाल सायीखाली हवेचे बुडबुडे अडकले होते आणि दोन्ही मासे पंपाच्या तोंडापाशी घुटमळत होते. नायट्रेट हे शेवाळाचे खत, म्हणून मी तातडीने त्याची चाचणी घेतली. नळीतील पाणी पिवळेच राहिले, म्हणजे नायट्रेट शून्य. मासे मोजकेच खात होते, दिवे वेळेवर बंद होत होते. मग एवढे शेवाळ कशावर पोसले गेले, हे मला उमगेना.

तेवढ्यात एक सहकारी सर मोरचूद घेऊन आले. त्यांची अंजनगावकडे संत्र्याची बाग आहे. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद त्यांच्या घरी असतेच, आणि शेततळ्यातील शेवाळ त्याने जाते हा त्यांचा अनुभव आहे. चिमूटभर टाकू या, दोन दिवसांत पेटी आरशासारखी होईल, असे ते मनापासून म्हणाले. मी त्यांचा हात अक्षरशः धरला. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. माशांना सोसेल एवढे तांबेही गोगलगायींना मारते, आणि ते दगड-वाळूत मुरले की नंतर कित्येक महिने पाण्यात उतरत राहते.

आमचे बोलणे चालू असतानाच प्रयोगशाळा परिचर काका नेहमीप्रमाणे बादली घेऊन आले आणि पेटीत पाणी ओतू लागले. बाहेर पारा ४४ अंशांवर होता आणि पेटी थंड राहावी म्हणून आम्ही पाण्यावर पंखा सोडलेला होता, त्यामुळे रोज ४ लिटर पाणी उडून जाई. ती तूट भरण्याचे काम काकांचे होते. आज प्रथमच मी विचारले, "काका, हे पाणी कुठले?"

"बोअरचं हाये, मॅडम. खाऱ्या पान्यातले मासे हायेत नं, तं त्याइले खारंच पानी पायजे. गोडं पानी टाकलं अन् मेले मंग?"

त्यांच्या म्हणण्यात काळजी होती आणि तर्कही होता. चूक माझी होती. वाफ होऊन जाते ते पाणी, मीठ पेटीतच राहते, म्हणून भर नेहमी शुद्ध पाण्याचीच घालायची, हे मी त्यांना कधी समजावून सांगितलेच नव्हते.

आम्ही बोअरचे पाणी मोजले. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ३००० मिलिग्रॅमच्या घरात होता आणि नायट्रेटच्या चाचणीत नळी लालभडक झाली. शेतातील युरिया पाझरून भूजलात उतरतो, ही आमच्या भागातील जुनी कहाणी आहे. ४५ दिवसांत १८० लिटर असे पाणी, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो क्षार, पेटीत गेले होते. त्यामुळेच पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०२५ ऐवजी १.०२७ दाखवत होता. आत गेलेले नायट्रेट मात्र चाचणीत सापडणे शक्यच नव्हते, कारण ते पाण्यात उरलेच नव्हते. ते शेवाळाच्या अंगी लागले होते. त्या हिरव्या केसांतच माझा सगळा हिशेब पडलेला होता आणि मी तो नळीत शोधत होते.

दुपारभर आम्ही दगड एकेक करून बादलीतील खाऱ्या पाण्यात धरले, दात घासण्याच्या ब्रशने घासले आणि लाल साय बारीक नळीने ओढून बाहेर काढली. शेवाळ पेटीतच कुजले तर खाल्लेले सारे पाण्यात परत येते, म्हणून ते बाहेर काढणेच महत्त्वाचे असते. ४० लिटर पाणी बदलले. गावातील आरओचे पाणीही पुरेसे शुद्ध नव्हते, त्याचा टीडीएस ६० होता. तेव्हा रसायनशास्त्राच्या मॅडमनी उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या आयन-विनिमय रेझिनची नळी जोडून दिली आणि पलीकडून येणाऱ्या पाण्यावर मीटरने शून्य दाखवले. दिवे आठ तासांवर आणले आणि पंपाचा प्रवाह वाळूकडे वळवला, कारण साचलेल्या कोपऱ्यांत लाल साय लवकर धरते.

हिरवे केस पुढील सहा आठवडे दर शनिवारी उपटावे लागले. दर वेळी मूठ लहान होत गेली. लाल साय तीन आठवड्यांत गेली. मागच्या काचेवर थोडे हिरवे मी मुद्दाम राहू दिले आहे, गोगलगायींना चरायला. काकांनी काचेवर पाण्याच्या पातळीला निळ्या चिकटपट्टीची रेघ मारली आहे आणि रेझिनच्या पाण्याच्या कॅनवर खडूने "गोडं" असे लिहिले आहे. पाणी घालण्याआधी ते मीटर बुडवून पाहतात आणि आकडा मला मोठ्याने सांगतात.