आईच्या गुडघ्यावर ब्लेड नको

काल ठाण्याला नौपाड्यातल्या घरी पोचले, बॅग ठेवली आणि आईच्या गुडघा बदलायच्या ऑपरेशनचा कागद वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीला थबकले. ‘आदल्या दिवशी पायावरचे केस काढून, साबणाने आंघोळ करून यावे.’ बाबांनी नवं ब्लेडही आणून ठेवलं होतं.

न्यू जर्सीत माझं पित्ताशय काढलं तेव्हा नर्सने तीनदा बजावलं होतं की रेझरला हातसुद्धा लावायचा नाही. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि जंतूंना तिथेच थारा मिळतो. केस आड येत असतील तरच काढायचे, तेही हॉस्पिटलमध्ये, क्लिपरने, म्हणजे केस कातरायच्या मशीनने. हे अमेरिकेचं खूळ नव्हे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितलंय.

हॉस्पिटलला फोन केला. “मॅडम, सगळे असंच करून येतात.” माझा आवाज चढलाच. इथल्या सर्जनांच्या हातावर माझा पूर्ण भरवसा आहे, म्हणून तर आई इथे ऑपरेशन करून घेतेय. मग कागदावरची एक ओळ बदलायला काय लागतं?

अर्ध्या तासात डॉक्टरांचाच फोन आला. “केस राहू द्या, आम्ही बघतो. ती ओळ बदलायला सांगतो.” तिकडे सर्जनने स्वतःहून मला कधी फोन केला नव्हता, हेही लिहायलाच हवं.

आंघोळीला साधा साबण चालतो, असंही त्याच २०१६च्या सूचनांत आहे. तरी मी गोखले रोडवरून ४ टक्के क्लोरहेक्सिडिनची, म्हणजे आंघोळीच्या जंतुनाशक औषधाची, बाटली आणलीच. मावशी म्हणाली, “बादलीत सॅव्हलॉन टाक की.” सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडिन असतं, पण अगदी थोडं, आणि बादलीभर पाण्यात त्याचं काय उरणार? धातूच्या सांध्याला जंतू चिकटले तर पुन्हा ऑपरेशनची पाळी येऊ शकते. मी वर्षातून तीन आठवडे घरी असते. तेवढ्यात माझ्या हातून होईल ते मी करणारच.

रात्री आईला स्टुलावर बसवलं. आधी नेहमीचा साबण, मग तांब्यातांब्याने तो पूर्ण धुऊन काढला, कारण साबण राहिला तर औषधाचा जोर कमी होतो. मग नळ बंद करून मानेखाली औषध लावलं. चेहरा आणि नाजूक जागा वगळल्या. घासायचं नाही, दोन मिनिटं तसंच ठेवायचं.

“फेसच नाही गं याला,” आई म्हणाली. थंडीने तिच्या दंडावर काटा आला होता. मी मोबाइलवर सेकंद मोजत होते आणि ती माझ्या खांद्याला धरून बसली होती.

धुतलेला टॉवेल, धुतलेला गाऊन, पलंगावर नवी चादर. पायाला तेल नाही, पावडर नाही. पहाटे पाचला पुन्हा हेच सगळं.

आडवी होण्याआधी आईने पावडरचा डबा माझ्या हातात दिला. “तुझ्या खोलीत ठेव. चाळीस वर्षांची सवय आहे, झोपेत हात जाईल माझा.”