तुम्ही विचारलंत म्हणून: एणगी बाळप्पांच्या मागावर

"काय हो सर, मराठी माणूस तुम्ही, कानडी नटाच्या मागं कशाला लागलाय?"

हा प्रश्न मला बेळगावच्या शहापुरातल्या चहाच्या गाड्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. एकदा तर १ नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं म्हणून आम्ही पाळतो त्या काळ्या दिनाच्या फेरीतून परतताना, दंडावरची काळी फीत सोडता सोडता एकानं विचारला. सौंदत्ती तालुक्यात गेलं की तोच प्रश्न कानडीतून येतो, फक्त आश्चर्य जरा जास्त असतं. दर वेळी मी हसून वेळ मारून नेतो. आज तुम्ही बसून विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मी बाळप्पांसाठी गेलोच नव्हतो. गेलो होतो गुर्लहोसूरला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर, जन्म १८४३, गाव गुर्लहोसूर, तालुका सौंदत्ती. शाळेत आम्ही हे पाठ केलं, पण गाव बघितलेला एक माणूस मला भेटला नव्हता. आमच्याकडची माणसं सौंदत्तीला जातात ती यल्लम्माला, आणि डोंगर उतरून थेट घरी येतात. मी तिथं एका हॉटेलात मोडक्या कानडीत किर्लोस्करांची चौकशी करत होतो. मालकानं 'नाटक' एवढाच शब्द पकडला आणि म्हणाला, नाटकाचं पाहिजे तर एणगीला जा, बाळप्पांच्या गावाला.

कोण बाळप्पा, असं मी विचारलं. हॉटेलातली चार डोकी वळली. ती नजर अजून आठवते.

एणगी बाळप्पा. जन्म १९१४, याच तालुक्यातल्या एणगी गावचा. पोरवयात स्त्रीपार्टी म्हणून, म्हणजे बायकांच्या भूमिका करत, रंगमंचावर उभे राहिले, मग गाणारे नट, मग स्वतःची कंपनी, कलावैभव नाट्यसंघ. 'जगज्योती बसवेश्वर' नाटकात ते बसवण्णा व्हायचे. त्या वेशात ते दिसले की लोक पाया पडायचे, असं त्या भागात आजही सांगतात. हे मी आधी अतिशयोक्ती म्हणून वहीत लिहून ठेवलं होतं. पण वेगवेगळ्या गावांत ज्यांची एकमेकांशी ओळखही नाही अशी म्हातारी माणसं ते सांगायला लागली की हात आपसूक जोडतात, तेव्हा कंसातला 'अतिशयोक्ती' हा शब्द मी खोडला. ऑगस्ट २०१७ मध्ये ते गेले, वयाची शंभरी ओलांडून. मी पोचलो त्यानंतरच्या वर्षी. एवढी वर्षं हा माणूस एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर होता, आणि मी बेळगावात बसून पुण्यामुंबईच्या नटांची कात्रणं चिकटवत होतो.

कानडी रंगभूमीवर ते मोठंच नाव. कमी ओळखीचे ते आमच्या बाजूला, आणि तो दोष त्यांचा नाही.

शोध कसा घेता, असंही काही जण विचारतात. पहिली अडचण नावाची. इंग्रजीत कुणी त्यांच्या गावाच्या आधी 'वाय' लावतो, कुणी नाही. 'बाळप्पा'तला ळ तर इंग्रजीत मरतोच. एकाच माणसाची कात्रणं चार नावांखाली पडलेली. कानडी लिपी वयाच्या पन्नाशीत शिकलो तेव्हा कुठं सुटका झाली, कारण कानडीत ळ जागच्या जागी आहे, आपल्यासारखाच. (नातवाच्या पहिलीच्या पुस्तकावरून शिकलो. तो अजून माझे उच्चार सुधारतो.)

दुसरी अडचण सालाची. कंपनी नाटकाच्या हस्तपत्रकावर तारीख असते, वार असतो, 'रात्रौ ९॥ वाजता' असतं, साल मात्र नसतं. छापणाऱ्याला काय, खेळ परवा आणि कागद तेरवा रद्दीत. मग जंत्री उघडायची. तारीख आणि वार यांचा तोच मेळ पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी पुन्हा जमतो, म्हणजे चारपाच सालं हाताला लागतात. त्यांतून निवडायला तिकिटाचे दर बघायचे: आणे असतील तर बहुधा १९५७ च्या आधीचं, नये पैसे असतील तर नक्की नंतरचं. आणि पत्ता बघायचा. बेळगाव जिल्ह्यापुढं 'मुंबई' असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचं, 'म्हैसूर' असेल तर नंतरचं. ज्या तारखेला आम्ही काळी फीत बांधतो, तिचा मला असा उपयोग होईल हे कधी वाटलं नव्हतं. बाळप्पांचं गाव जागचं हललं नाही. मुंबई, म्हैसूर, कर्नाटक अशा पाट्या तेवढ्या बदलत गेल्या.

कागदाला वाळवी लागते, हे सांगायला नकोच. एका घरी ट्रंक उघडली तर आत नुसती माती.

आता मूळ प्रश्न. मराठी माणसानं का? बैलहोंगलच्या बाजूला एक पेटीवाले आजोबा भेटले, तरुणपणी कंपन्यांमधून फिरलेले. त्यांच्याकडे नाटकातल्या पदांचं एक फाटकं पुस्तक होतं. कानडी पद, आणि वर चालीच्या जागी कानडी अक्षरांत एका मराठी नाट्यपदाचा मुखडा. मी हरखून म्हटलं, अज्जा, ही तर आमची चाल! त्यांनी पेटी ओढली, दोन ओळी वाजवल्या आणि विचारलं, तुमच्या अण्णासाहेबांनी ती कुठून आणली होती?

मला गप्प बसावं लागलं. किर्लोस्करांनी आपल्या पदांना कितीतरी कानडी चाली घेतल्या, हे मी स्वतः लोकांना सांगत आलोय. त्या चाली मराठी कंपन्यांबरोबर पुण्यामुंबईला गेल्या, आणि त्याच कंपन्या हुबळी-धारवाड-बेळगावला मुक्काम टाकायच्या तेव्हा नव्या शब्दांत परत आल्या. माणसंही तशीच ये-जा करत होती. कुंदगोळचे रामभाऊ घरात कानडी बोलायचे आणि मराठी रंगभूमी गाजवून सवाई गंधर्व झाले. सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी म्हणजे कुमार गंधर्व. त्यांच्या नावाच्या रंगमंदिरात आम्ही मराठी नाटकं बघतो. तेव्हा बाळप्पांकडे जाणं म्हणजे मोठं मन दाखवणं, असं जे काही भले लोक माझं कौतुक करतात, ते मला पटत नाही. मी माझंच अर्धं राहिलेलं काम करतोय. सीमाप्रश्नावर माझं मत जे आहे ते आहे, त्यात यानं फरक पडलेला नाही. दोन्ही गोष्टी एका माणसात मावतात.

एका मासिकाला लेख पाठवला होता. 'विषय चांगला आहे, पण आपला नाही' असं उत्तर आलं. लेख ठेवून दिलाय.

सध्या टेबलावर एक हस्तपत्रक आहे. कंपनीचं नाव फाटलंय. आजोबा म्हणतात, बाळप्पांचीच. तारीख १२ मार्च, वार शनिवार, माथ्यावर तिरंगा, दर आण्यांत. म्हणजे १९४९ किंवा १९५५. पत्त्यात 'मुंबई'पुढचा शब्द 'इलाखा' आहे की 'राज्य', तिथंच नेमकी घडी पडून शाई उडालीय. 'इलाखा' असेल तर १९४९, 'राज्य' असेल तर १९५५. येत्या रविवारी भिंग घेऊन पुन्हा बैलहोंगलला जातोय. आजोबांच्या ट्रंकेत त्याची दुसरी प्रत आहे म्हणतात.