इंचभर जाड पोर्क चॉप आणि करवंदाचा सॉस

पोर्क चॉपबरोबर फळाचा सॉस करायचा म्हटलं की पुष्कळजण जॅमची बाटली उघडतात, नाहीतर फळ आणि साखर सारख्या वजनानं आटवायला घेतात. दोन घास बरे लागतात, तिसऱ्यापासून तोंडाला मिठ्ठी बसते. डुकराच्या चरबीला आंबट लागतं, गोड नाही. आपण आमटीत आमसूल किंवा चिंच ज्या कामाला घालतो, त्याच कामाला इथं फळ घालायचं. गोडवा फक्त आंबटाची धार मोडण्यापुरता. हे एवढं डोक्यात ठेवलं की कोल्हापूरच्या बाजारात मिळणारी अर्धी फळं या सॉसला चालतात आणि त्यात करवंद सगळ्यात सरस.

आधी मांसाचं. पोर्क आपल्याकडं कुठल्याही मटणाच्या दुकानात मिळत नाही. बहुतेकांना फ्रोझन पाकीट घ्यावं लागतं, काहीजण बेळगाव-गोव्याकडून येताना बर्फात घालून आणतात. कुठूनही आणा, पण बंदिस्त फार्मवर वाढवलेल्या, तपासणी झालेल्या जनावराचंच घ्या. मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात, तिथं स्वस्ताईच्या मागं लागू नये. चॉप म्हणजे पाठीचा, हाडासकटचा काप. जाडी अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर. वजन एकाचं साधारण अडीचशे ग्रॅम. कापून घेत असाल तर जाडी बोटानं दाखवून सांगा, नाहीतर सवयीनं पातळ काप करून मिळतील. सेंटिमीटरभर जाडीचा चॉप बाहेरून लाल होईपर्यंत आतून वाळलेला असतो. फ्रोझन पाकीट आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात खोलगट ताटलीत ठेवून सोडवायचं. ओट्यावर ठेवून किंवा गरम पाण्यात टाकून नाही.

आणि कुकर लावू नका. पोर्क म्हटलं की चार शिट्ट्या, ही सवय खांद्याच्या किंवा पोटाच्या मांसाला ठीक आहे. तिथं चरबी आणि शिरा असतात, त्या वितळून रस्सा दाट होतो. पाठीच्या मांसात वितळायला तसं काही नसतं. शिट्टीगणिक त्यातलं पाणी बाहेर पडतं आणि उरतो तो नुसता चोथा.

हेच पाणी आत राहावं म्हणून चॉप आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचे. एक लिटर पाणी, पन्नास ग्रॅम मीठ, तीस ग्रॅम गूळ, दहा-बारा ठेचलेली मिरी, दोन तमालपत्रं. त्यातलं पेलाभर पाणी गरम करून मीठ-गूळ विरघळवा, गाळून घ्या (गुळात चिपाडाचे तुकडे किंवा वाळूचा कण असतोच), बाकीचं थंड पाणी घाला आणि पूर्ण गार झाल्यावरच चॉप बुडवा. फ्रीजमध्ये दोन तास पुरे. मीठ मांसातल्या प्रथिनांची घडण सैल करतं, त्यामुळं तापल्यावर ती कमी आवळतात आणि पाणी कमी सुटतं. रात्रभर ठेवलं म्हणून जास्त चांगलं होत नाही. चव खारट होते आणि मांस हॅमसारखं घट्ट लागतं. पातळ चॉपच हाती आले असतील तर अर्धा तास बास.

पाण्यातून काढल्यावर टिश्यूनं किंवा स्वच्छ फडक्यानं खसाखसा पुसा आणि अर्धा तास फ्रीजमध्येच, जाळीवर, उघडे ठेवा. ही पायरी गाळली तर तव्यावर आधी वाफ धरते. ते पाणी उडेपर्यंत मांसाला शंभर अंशाच्या वरची आच लागत नाही, आणि चॉप भाजण्याऐवजी उकडून करडा पडतो. कडेच्या चरबीला दर दोन सेंटिमीटरवर सुरीनं आडवी चीर द्या. चीर चरबीखालच्या पांढऱ्या पापुद्र्याच्या पार गेली पाहिजे, मांसात जायला नको. हा पापुद्रा मांसापेक्षा लवकर आकसतो. चीर नसली की चॉप वाटीसारखा वर उचलला जातो आणि मधला भाग तव्याला टेकतच नाही.

तवा बिडाचा असेल तर उत्तम, जाड बुडाचा स्टीलचा पॅनही चालतो. नॉनस्टिक नको, त्यावर सॉसच्या कामाचा खरपूस थर धरत नाही. मध्यमपेक्षा थोड्या जास्त आचेवर चार मिनिटं तापवा, चमचाभर शेंगतेल घाला. दोन्ही चॉप चिमट्यात धरून आधी चरबीच्या कडेवर उभे करा, दोन-अडीच मिनिटं. चरबी सुटते आणि पुढचं सगळं तिच्यातच भाजतं. मग आडवे टाका, तीन मिनिटं हात लावू नका. सुटण्याआधी उलथणं घातलं तर खरपूस थर तव्यालाच राहतो. उलटा, पुन्हा तीन मिनिटं. आता आच कमी करून मिनिटा-मिनिटाला उलटत राहा. एकूण दहा-बारा मिनिटांत काम होतं. वरून मीठ अजिबात नाही. गुळाच्या पाण्यामुळं रंग लवकर चढतो, काळपट डाग दिसू लागले तर आच लगेच खाली आणा.

शिजलं की नाही हे रंगावर ठरवू नका. डिजिटल थर्मामीटर घ्या आणि कडेनं आडवा खुपसा, टोक मधोमध आलं पाहिजे, हाडाला लागलं तर आकडा चुकतो. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 2011 मध्ये पोर्कच्या अख्ख्या कापांसाठीची मर्यादा 71 अंश सेल्सिअसवरून 63 वर आणली, त्यावर तीन मिनिटं मुरू द्यायची अट घातली. 63 ला आत हलकी गुलाबी झाक असते. माल कुठला याची पक्की खात्री असेल तरच त्या आकड्यावर थांबा. नसेल तर सरळ 71 गाठा. मिठाच्या पाण्यातला चॉप तिथंही खाण्यासारखा राहतो, ते दोन तास त्याचसाठी दिलेले असतात. उतरवल्यावर पाच मिनिटं जाळीवर ठेवा, झाकण न घालता. झाकलं तर वाफेनं वरचा थर मऊ पडतो.

आता सॉस. खरं तर तो आधी अर्धा करून ठेवायचा असतो, कारण चॉप मुरतात त्या पाच मिनिटांत उरलेला अर्धा पुरा होतो.

करवंदं एप्रिल-मेमध्ये, पाऊस लागेपर्यंत. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडून टोपल्या येतात. पूर्ण काळी आणि बोटानं दाबली जाणारी निवडा, मूठभर लालसर कच्ची त्यात असू द्या. आंबटपणा त्यांचा, रंग काळ्यांचा. दोघांसाठी दोनशे ग्रॅम. कोमट पाण्यात दोनदा धुवा, म्हणजे वरचा चीक जातो. राहिलेला चीक भांड्याला चिकटला तर साबणाआधी तेलाचं बोट फिरवा. शंभर मिली पाण्यात झाकण ठेवून सात-आठ मिनिटं शिजवा, पळीनं दाबा आणि चाळणीवर पळीच्या पाठीनं गर काढा. मिक्सरला लावू नका, बिया चिरडून गरात उतरतात. साधारण दीड वाटी पातळसर गर मिळतो.

भांड्याबद्दल एक गोष्ट ठामपणे: सॉस बिडाच्या तव्यात आटवायचा नाही. आंबट रस लोखंड खातो, चव धातूसारखी लागते, आणि करवंदाचा जांभळा रंग लोखंडाशी मिळून शाईसारखा काळा पडतो. चॉप काढल्यावर तव्यातली चमचाभर चरबी ठेवून बाकीची काढा, दीडशे मिली गरम स्टॉक ओता, बुडाला धरलेला खरपूस थर लाकडी चमच्यानं अर्ध्या मिनिटात खरवडा आणि सगळं लगेच स्टीलच्या कढईत घ्या.

त्या कढईत आधीच एक लहान कांदा अगदी बारीक चिरून चमचाभर चरबीत मऊ केलेला असावा, लाल नाही, नुसता पारदर्शक. तीन पाकळ्या लसूण, अर्धा चमचा जाडसर कुटलेली मिरी, एक सुकी संकेश्वरी मिरची दोन तुकडे करून, बिया झाडून. मग गर, स्टॉक आणि पंधरा ग्रॅम गूळ. मध्यम आचेवर आटवत पाऊण वाटीवर आणा. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली की ती तशीच राहिली पाहिजे. त्याहून थोडा पातळ असतानाच थांबलेलं बरं, करवंदात पेक्टिन भरपूर असतं आणि ताटात पडेपर्यंत सॉस जेलीसारखा धरतो. गॅस बंद, मिरची बाहेर, आणि वीस ग्रॅम थंड लोणी दोन-तीन तुकड्यांत, कढई हलवत. उकळत्या सॉसमध्ये लोणी टाकलं तर फुटतं आणि वर तुपाचा तवंग येतो. बाजारचं बटर खारट असतं, म्हणून घरचं लोणी, थोडं आंबूस असलं तर आणखी छान.

मीठ शेवटी, चाखून. इथंच पुष्कळांचा सॉस बिघडतो. तव्यात मिठाच्या पाण्यातला रस उतरलेला असतो. त्यात मिठाचा स्टॉक घातला आणि तो निम्मा आटवला की खारटपणा दुप्पट. घरी मटण शिजवलंत तर अळणीचं पाणी स्टॉक म्हणून सुरेख लागतं, पण मीठ-हळद घालण्याआधी वाटीभर बाजूला काढलेलं. हळद पडली की जांभळा रंग मातकट होतो. स्टॉक क्यूब नकोच, साधं गरम पाणी त्यापेक्षा चांगलं.

कांदा-लसूण चटणी घालायचा मोह कोल्हापुरात कुणालाही होणार. चरबीत परतून पाव चमचा, त्याच्यावर नाही. तिच्यातलं खोबरं-तीळ सॉस खरखरीत करतात आणि करवंद हरवून जातं. झणझणीत हवंच असेल तर संकेश्वरी दोन करा.

पावसाळा सुरू झाला की जांभळं: गर काढून फक्त पाच मिनिटं उकळायची आणि लोणी थोडं वाढवायचं, म्हणजे तुरटपणा झाकतो. कैरी पन्ह्यासारखी उकडून, गूळ पंचवीस ग्रॅमपर्यंत. डाळिंबाचा रस दाणे हातानं दाबून काढा. ताजी अंजिरं गोड असतात, तिथं गूळ नाही, उलट दोन चमचे व्हिनेगर. अननस फक्त शिजवून सॉसमध्ये. कच्च्या अननसात किंवा पपईत मांस मुरत ठेवलं तर त्यातली एन्झाइम्स वरचा थर पिठूळ करतात.

घरात पोर्क चालत नसेल तर हाच सॉस मटणाच्या चापांवर घ्या. खाटकाला मात्र चाप अख्खे ठेवायला सांगा. सोबत आजऱ्याच्या घनसाळचा मोकळा भात किंवा उकडलेला बटाटा, आणि काकडीची दही न घातलेली कोशिंबीर. त्याच जेवणात तांबडा रस्सा करू नये, दोघांचीही चव जाते.

सॉस चॉपवर ओतू नका, खाली पसरा आणि वर चॉप ठेवा, म्हणजे खरपूस बाजू कोरडी राहते. उरलेला सॉस काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार दिवस टिकतो, घट्ट झाला तर दोन चमचे गरम पाणी. उरलेला चॉप पुन्हा तापवू नका, फ्रीजमधून काढून गारच पातळ काप करा आणि पावात घालून खा.