तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तोच समुद्र, कंटाळा येत नाही का?

"रोज तोच किनारा, रोज एक फोटो. कंटाळा येत नाही का हो?" मला भेटणाऱ्यांपैकी निम्मे जण हे विचारतात आणि मी "येतो की कधीकधी" म्हणून हसण्यावारी नेते. आज जरा बैजवार सांगते.

पहिले दोन महिने खरंच वैतागले होते. रोज काहीतरी वेगळं हवं म्हणून संध्याकाळी जायचे आणि मावळता सूर्य घेऊन परतायचे. सगळे फोटो एकदा ओळीने लावले तर एका छापाचे! तारखा झाकल्या असत्या तर सोमवारचा कुठला आणि शुक्रवारचा कुठला, मलाच सांगता आलं नसतं. सूर्यास्त डोळ्यांना कितीही देखणा असो, फोटोत तो फार लवकर शिळा होतो.

मग शोधाशोधच बंद केली. सकाळी सात ही वेळ ठरवली आणि जागा धक्क्याच्या पायऱ्यांची. गंमत म्हणजे तेव्हापासून फोटो बदलायला लागले, कारण मी घड्याळाने चालत होते आणि समुद्र चंद्राने. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. शाळेत हे पाठ केलं होतं. पण एका सकाळी पाणी वरून चौथ्या पायरीला, आणि आठवड्याने त्याच वेळी पायऱ्या संपून पुढे शंभर पावलं ओली वाळू, असे दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा ते डोक्यात शिरलं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि मागेही तितकंच जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याचा चढउतार अगदी कमी. समुद्र आळस देऊन पडल्यासारखा.

ओहोटीच्या वाळूत खेकडे असतात, नखाएवढे. पाणी हटलं की बिळाबाहेर येतात, वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं सूक्ष्म शेवाळ वगैरे खाण्याजोगं गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मण्याएवढी गोळी करून टाकून देतात. थोड्या वेळात बिळाभोवती गोळ्यांची नक्षी उमटते, मध्ये घरी पळायला एक मोकळी वाट. पुढच्या भरतीला सगळं साफ. उभ्याने फोटो काढला तर नुसती खरबरीत वाळू दिसते. गुडघे टेकून, ऊन तिरपं असताना काढला तर एकेका गोळीची सावली पडते. म्हणजे ओहोटी आणि कोवळं ऊन दोन्ही एकदम हवं. माझ्या सातच्या वेळेला हा मेळ चार-पाच दिवस बसतो, मग हुकतो, तो थेट पंधरवड्याने. त्यात आभाळ आलं की गेलं! शिवाय पावलाची चाहूल लागताच मंडळी बिळात. दोन-तीन मिनिटं दगड होऊन बसायचं, मग एकेक बाहेर. मनासारखा एक फोटो मिळायला मला पाच महिने लागले.

कॅमेऱ्याचं विचाराल तर दोनच गोष्टी. उजळ वाळू तो करडी करून दाखवतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढवते. आणि लेन्स कधीही बाहीने पुसू नका, आधी ब्लोअरने वाळू उडवा. मी नेमकी बाहीने पुसली होती. तो ओरखडा अजून आहे. सूर्याकडे तोंड केलं की फोटोत उजव्या कोपऱ्यात चमकतो.

किनाऱ्यावर जाता येत नाही त्या दिवशी? घरातलं जे समोर असेल ते. तापात पडले होते तेव्हा तीन दिवस गोळ्यांची पट्टी काढली, रोज दोन घरं रिकामी होत गेलेली. लोकांना हे फोटो भरतीचे वाटतात (म्हणजे जागा भरायचे, समुद्राचे नव्हेत), मला तसं वाटत नाही. न्यूयॉर्कचा जेमी लिव्हिंग्स्टन नावाचा फोटोग्राफर ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढत राहिला, २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत. त्या दिवशी, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशीच, तो गेला. त्या फोटोंत मित्र आहेत, जेवणं आहेत, शेवटी शेवटी इस्पितळही आहे. त्याचं आयुष्य कळतं ते या साध्यासुध्या फोटोंतूनच.

आता एक कबुली. सलग इतके दिवस एकही चुकवला नाही का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. चुकवलाय. एका सकाळी उठवलंच नाही, दिवसभर कामात विसरले, आणि रात्री आदल्या दिवशीचा दुसरा फोटो त्या तारखेला चिकटवून मोकळी झाले. कुणाला काय कळणार होतं? पुढे वर्षाचे फोटो क्रमाने लावून बघत होते. पायऱ्या बुडत चालल्यात, उघड्या पडत चालल्यात, आणि मध्येच सलग दोन दिवस पाणी चौथ्याच पायरीला, ओल्या शेवाळाची रेघसुद्धा तिथेच. समुद्र असं करत नाही.

तो फोटो मी काढून टाकलेला नाही.